फॉर्म कोणी भरू दिला नाही?

पत्र: "मुलगी १९ वर्षांची आहे. आम्ही शिरोळ तालुक्यात राहतो, मी शिक्षक आहे. नीट परीक्षा दोनदा दिली, एमबीबीएसला मार्क कमी पडले. नांदणीच्या मठाची हत्तीण महादेवी कोर्टाच्या आदेशानं गुजरातला गेली तेव्हापासून हिनं हत्तीचंच घेतलंय. हत्तींची डॉक्टर होणार म्हणते. गेल्या वर्षी पशुवैद्यकीयचा फॉर्म भरायचा म्हणत होती, आम्ही भरू दिला नाही. लॉगिन माझ्याकडेच असतं. आता तिसऱ्यांदा नीटला बसवतोय. चार महिने झाले, आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. माहुताचं काम करायला का शिकवलं आम्ही? तिच्या डोक्यातला हत्ती तुम्ही काढा."

उत्तर:

सर, तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांपाशी मी अडकलो. "आम्ही भरू दिला नाही" आणि "जेवायला बसत नाही". ही दोन वाक्यं तुम्ही वेगवेगळी लिहिली आहेत, मधे लॉगिन आणि तिसरी नीट घातली आहे. मला ती एकमेकांना चिकटलेली दिसतात.

महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी.चा, म्हणजे पशुवैद्यकीय पदवीचा, प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो. म्हणजे तुमची मुलगी दोनदा जी परीक्षा देऊन आली, तीच परीक्षा तिच्या वाटेचीही होती. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून काही तासांवर आहे. तिथं जागा मिळाली असती की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण फॉर्मच गेला नाही. तिची दोन वर्षं वाया गेली असं तुम्हाला वाटत असेल. त्यातलं दुसरं वर्ष तिनं घालवलं नाही, ते तुमच्या लॉगिनमध्ये अडकलं. हे कठोर वाटेल, पण शिक्षकाला शिक्षकासारखंच सांगतो: वर्गातल्या एखाद्या मुलाच्या वडिलांनी असं केलं असतं, तर तुम्ही त्यांना शाळेत बोलावून घेतलं असतंत.

माहुताच्या कामाला तुम्ही ज्या सुरात नाव ठेवलंत, तेही मला रुचलं नाही. मेळघाटात कोलकासला किंवा गडचिरोलीत कमलापूरला वनविभागाचे माहूत आणि चारा कापून आणणारे चाराकटर हत्ती सांभाळतात. जनावर पुढ्यातला चारा सोडतंय, लीद बदललीय, एका पायावर भार कमी देतंय, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं. आसामच्या माहूत पार्बती बरुआ यांनी आयुष्य हत्तींबरोबर काढलं, त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. गुवाहाटीचे पशुवैद्य डॉ. कुशल कोंवर शर्मा यांना २०२० मध्ये मिळाली, तीही हत्तींवरच्या उपचारांसाठी.

आता मुलीशी बोलतो. हे पत्र तिला वाचायला द्या.

बाळ, तुझ्या मनात एक गैरसमज असेल, कारण तो बहुतेकांच्या मनात असतो. हत्ती पाळीव असतो, माया लावली की झालं, असा. गाय, कुत्रा हजारो वर्षं माणसानं निवडून निवडून वाढवले. हत्तीचं तसं कधी झालं नाही. पिढ्यान् पिढ्या तो जंगलातून धरून आणला गेला. साखळीला सरावलेला हत्तीही स्वभावानं रानातलाच राहतो. नर मदात आला, कानशिलाजवळून स्राव वाहू लागला की वीस वर्षं त्याच्याबरोबर असलेला माहूतही अंतर राखतो. त्याची माया आटलेली नसते, त्याला जनावर कळलेलं असतं. रोज साधारण दीडशे किलो चारा खाणारं, जंगलात मैलोन् मैल चालणारं हे शरीर सिमेंटच्या फरशीवर उभं राहिलं, की आधी पाय बिघडतात. न चालल्यामुळे नखं झिजत नाहीत, वाढून तडकतात. लीद-मुताच्या ओलीत तळवा सडतो, आणि दुखणं हाडापर्यंत पोचलं की फार थोडं करता येतं. महादेवीच्या खटल्यातही पायांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याचा मुद्दा होताच. तुझ्या भागातल्या हजारो माणसांनी तिच्यासाठी सह्या केल्या, पायी मोर्चा काढला, आणि ती माया खरी होती. पण हत्तीचा पाय उचलून, तळवा धुऊन, कानशीनं नख घासणारे हात या राज्यात किती थोडे आहेत, याचा विचार कर. जाळीपलीकडून केळं दाखवून हत्तीला आपणहून पाय पुढे करायला शिकवता येतं, अंकुश न लावता. यासाठी महिने जातात. माणसाचा क्षय हत्तीला होतो, म्हणून माहुतांची तपासणी हाही हत्तीच्याच उपचारांचा भाग असतो. तुला ही कामं करायची आहेत का? की तुला महादेवी परत हवी आहे? दुसरं उत्तर असेल तरी लाजू नकोस, पण त्यावर साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम निघत नाही.

त्या साडेपाच वर्षांत हत्ती क्वचितच दिसेल. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या दिसतील. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पंधरा दिवस जा. तिथल्या डॉक्टरांची परवानगी घे आणि अडलेल्या म्हशीपाशी रात्री दोन वाजता कंदील धरायला उभी राहा. तिथून घरी येऊन झोप लागली, तर ही वाट तुझी आहे. नाही लागली तर तेही कळेल, आणि ते कळायला एक वर्ष जाणार नाही.

सर, कमाईचं एका ओळीत सांगतो: पदवी आणि नोंदणीनंतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, नाहीतर स्वतःचा दवाखाना. फक्त हत्तींवर पोट भरेल असं मी म्हणणार नाही. देशात माणसाच्या ताब्यातले हत्ती अडीच हजारांच्या आसपास, त्यातले बरेच आसाम आणि केरळात. वन्यजीवांकडे वळायचं तर पदवीनंतर केरळातलं पूकोडेचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, नागपूरला गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन केंद्र आहे. शिवाय सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बागांत आणि २०२१ पासून गडचिरोलीच्या भातशेतात रानहत्ती येतायत. तिथंही हत्ती कळणारा पशुवैद्य लागतोच.

तिच्या डोक्यातला हत्ती मी काढणार नाही. तुम्ही एवढं करा: आज रात्री तिच्या ताटाशेजारी तुमचं ताट घ्या. नीटचं काही बोलू नका. आणि यंदाच्या प्रवेशाचा पासवर्ड एका कागदावर लिहून तिच्या हातात द्या. पशुवैद्यकीयचा फॉर्म ती स्वतः भरेल.