शाळेतच गेम लावून देतात, मग घरी कुठल्या तोंडाने नको म्हणू?

"मॅडम, मी घरी मोबाईल तांदळाच्या डब्यात लपवून ठेवते आणि तिकडे शाळेत सरच त्याला कम्प्युटरवर गेम लावून देतात, मग मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?" डिचोलीकडची एक आई गणेश चवथीच्या सुट्टीआधी माझ्यासमोर बसून हे सांगत होती, अगदी रडकुंडीला आली होती. मुलगा सहावीत. (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) हल्ली गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे पालक मला हेच विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

"काळजी करू नका" असं मी तिला अजिबात म्हटलं नाही, कारण तिची भीती खोटी नव्हतीच. मुलगा "शाळेचं आहे" म्हणून फोन घ्यायचा आणि दहा मिनिटांत धडाधड गोळ्यांचे आवाज सुरू! तिला वाटत होतं व्यसन लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगचा विकार खरंच आहे, पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम, नुकसान होतंय दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असणं, इतकं सगळं बघतात. हा मुलगा दहाला झोपतो, संध्याकाळी मैदानावर फुटबॉल खेळतो, जेवायला हाक मारली की कुरकुरत का होईना येतो. हा हट्ट आहे आणि घरात नियम ठरलेला नाही, एवढंच, आजार नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं.

मग मुलाशी बोलले. लॅबमध्ये काय करता रे, विचारलं तर पोरगा खुललाच. आपल्या शाळांत सहावी ते आठवीला कोडिंग आलंय, त्यात स्क्रॅच शिकवतात, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून आपणच गेम बनवायचा. याने वरून बांगडे पडतात आणि खाली जाळं डावी-उजवीकडे सरकवून ते पकडायचे असा गेम केला होता. जाळं डावीकडे कसं नेलंस? "मायनस करायचं मॅडम, मध्ये शून्य, उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे मायनस २४०." आणि याच मुलाने गणिताच्या चाचणीत मायनस ७ हा मायनस ३ पेक्षा मोठा लिहून मार्क घालवले होते. मी कागदावर रेघ मारून विचारलं, तुझं जाळं मायनस ७ वर असेल तर मायनस ३ कुठे? त्याने पटकन उजवीकडे बोट ठेवलं, मग डावीकडून उजवीकडे आकडे वाढत जातात ना, मग यातला मोठा कुठला? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला "अरे, ते हेच?"

मला या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते हे "ते हेच". त्याला येत होतं हो! पण लॅबमधलं आणि वहीतलं एकच आहे हे कुणी त्याच्याजवळ बसून दाखवलंच नव्हतं. आईला मी माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं बांधतात त्याचं, उदाहरण दिलं. त्याला आंबाडे, तोरिंजन, रानातली सगळी फळं नावानिशी माहीत आहेत, ती नुसती माटोळी बघून नाही आली, आजोबा बांधताना विचारतात "हे काय रे?" म्हणून आली. गेमचंही तसंच आहे.

सरांना भेटले. चांगले आहेत, पण तास ३५ मिनिटांचा, मशीन चालू होईपर्यंत दहा जातात, एका कम्प्युटरवर तीन मुलं आणि माउस कायम एकाच्याच हातात. गेममधून शिकवणं काही आजचं खूळ नाही, १९७१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका शिकाऊ इतिहास शिक्षकाने मित्रांच्या मदतीने आपल्या वर्गासाठी ऑरेगॉन ट्रेल हा गेम बनवला होता, तेव्हा मुलं गटाने बसून काय करायचं ते आपसात ठरवायची. म्हणजे मशीन कमी असणं ही अडचण नाही, दोघं नुसते बघत बसतात ही आहे. सरांनी स्वतःच ठरवलं की दर दहा मिनिटांनी माउस बदलायचा आणि शेवटची पाच मिनिटं मॉनिटर बंद करून आज काय जमलं, कुठे अडलं ते बोलायचं आणि गणिताच्या वहीत दोन ओळी लिहायच्या.

एका बाबतीत मात्र आईच बरोबर होती. शिक्षक रजेवर असले की मुलांना लॅबमध्ये कोंबून गाड्यांचे गेम लावून देत होते, गप्प बसावीत म्हणून. याला शिकवणं म्हणत नाहीत, आणि तसं मी मुख्याध्यापकांना सांगितलं.

घरचं असं ठरलं की "शाळेचं आहे" म्हटलं तर आईच्या शेजारी बसून आणि तिला समजावून सांगत करायचं. शूटिंगचा गेम रविवारी अर्धा तास, तो वेगळा. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला, म्हणाली तो मला शिकवतो पण चिडतो फार, मी जाळं उलटं नेते म्हणून! रविवारची भांडणं अजून आहेत, अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं होतात. पण डब्यात आता फक्त तांदूळ असतात.