‘नोटीस पीरियड : ३० दिवस’ हे लिहिलंत कुठल्या आधारावर?

नाशिक जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत सहा वर्षं गणित-विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंचं पत्र समोर आहे. दुबईतल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेनं त्यांची जानेवारीत ऑनलाइन मुलाखत घेऊन निवड केली. ऑगस्टच्या मध्याला हजर व्हायचं आहे. इकडे मुख्याध्यापिका म्हणतात, तीन महिन्यांची नोटीस हवी, सुट्टीत राजीनामा चालत नाही, सोडलं तर आमचं अनुदान कापलं जाईल. बी.एस्सी. आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं शाळेच्या कपाटात आहेत. नेमणुकीच्या वेळी दोन लाखांच्या बाँडवर सही झाली आहे. एजंट दीड लाख मागतोय. दुबईच्या अर्जातल्या ‘नोटीस पीरियड’च्या चौकटीत ताईंनी लिहून टाकलं होतं : ३० दिवस. का, तर पुण्यात आयटीत असलेल्या भावाचा तेवढा असतो.

ताई, भावाची नोकरी भावाच्या करारावर चालते, तुमची महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यावर आणि १९८१ च्या नियमावलीवर. शिक्षक ज्याला ‘एमईपीएस अ‍ॅक्ट’ म्हणतात तो हाच. शाळा विनाअनुदानित आहे म्हणून तो लागू नाही, हा समज सोडा. अनुदान असो-नसो, मान्यताप्राप्त खासगी शाळेला तो लागू आहे. (सीबीएसई-आयसीएसई शाळांबाबत कोर्टात वाद झालेले आहेत. तुमची शाळा राज्य मंडळाची आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.) तुमची नेमणूक रिकाम्या कायम पदावर झाली, प्रोबेशन पूर्ण झालं, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यताही आहे. म्हणजे तुम्ही कायम शिक्षिका आहात.

तुम्ही पाच प्रश्न विचारलेत. त्यातल्या चारांची उत्तरं महिनाभरानं मिळाली तरी बिघडत नाही. पाचवा, नोटिशीचा, जो तुम्ही शेवटी जाता जाता विचारलात, त्याला मुदत आहे आणि ती येत्या ३१ मार्चला संपते.

नियम ४० वाचा. कायम कर्मचाऱ्यानं तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्यानं एका महिन्याची. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं उपकलम मात्र कुणी वाचत नाही. सुट्टीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याला सुट्टीत नोटीस देता येत नाही, नोटिशीच्या मुदतीत सुट्टीचा एकही दिवस येता कामा नये, आणि वर्षाचं पहिलं सत्र सुरू झाल्यावर पहिला महिनाभरही नोटीस देता येत नाही. हेतू उघड आहे. मे महिन्याचा पगार घरबसल्या घ्यायचा आणि जूनमध्ये वर्ग वाऱ्यावर सोडायचा, हे होऊ नये.

आता कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा. शाळा १५ जूनच्या सुमाराला सुरू होते. पहिला महिना गेला की १५ जुलै. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन पूर्ण महिने धरले, तर जुलैचा उत्तरार्ध ही नोटीस द्यायची एक फट, तीही दिवाळी नोव्हेंबरात असेल तरच. यंदा, २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून ही फट आहे. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच उरकली, तेव्हा ती जवळजवळ बुजलेलीच होती. दुसरी फट दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडते आणि ३१ जानेवारीला बंद होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल भरले की ३० एप्रिलला तुम्ही मोकळ्या. ‘कॅलेंडर महिना’ तारखेपासून तारखेपर्यंत मोजायचा की पहिलीपासून अखेरीपर्यंत, यावर वकील तुमच्याकडून फी घेऊन दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. पूर्ण महिने धरलेत तर वादच उरत नाही.

तुमची निवड जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. म्हणजे पुरते अडीच आठवडे हातात होते. तुम्ही ‘व्हिसा पक्का झाल्यावर बघू’ म्हणून थांबलात. भीती मला कळते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण धावेल? पण पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत सर्वसाधारणपणे मागे घेता येतो. सर्वोच्च न्यायालयानं हे १९७८ साली गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात सांगितलं, आणि तिथे राजीनामा देऊन मागे घेणारे खुद्द उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते! तेव्हा जानेवारीत पत्र देऊन एप्रिलपर्यंत दुबईकडे डोळे लावून बसता आलं असतं. मार्च उजाडेपर्यंत तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत. मलासुद्धा.

असो. आता काय करता येईल ते सांगतो.

नियम ४० मध्येच एक दार आहे. नोटीस कमी पडत असेल, तर जेवढा काळ कमी पडतो तेवढ्याचं वेतन भरून घेऊन व्यवस्थापन कर्मचाऱ्याला लवकर मोकळं करू शकतं. यातले दोन शब्द लक्षात ठेवा. पहिला, ‘वेतन’. नियमात कंसात स्पष्ट म्हटलंय की भत्ते वगळून. तुमच्या पत्रातलेच आकडे घेऊ : मूळ वेतन २२,००० आणि भत्त्यांसह हातात ३८,०००. शाळा तीन महिन्यांचे एक लाख १४ हजार मागते आहे. तुमची नोटीस ३१ मार्चच्या आत पोचली, तर एप्रिल मोजला जाईल. कमी पडतील दोन महिने. दोन गुणिले २२,००० म्हणजे ४४,०००. याहून एक रुपया जास्त कबूल करू नका.

दुसरा शब्द तुमच्या विरुद्ध जाणारा आहे : व्यवस्थापन मोकळं ‘करू शकतं’. करायलाच हवं असं नाही. म्हणून ४४,००० चा डिमांड ड्राफ्ट टेबलावर आपटून निघून जाता येणार नाही, संस्थेची लेखी संमती लागेल. अनुदानाची भीती मात्र पोकळ आहे. नोटीस किंवा पैसे न घेता सोडलं तर अनुदानातून कपात होते, हे खरं. पण ज्या शाळेला अनुदानच नाही, तिचं कापणार काय? मुख्याध्यापिकांना हे नम्रपणे विचारा. त्यांनाही बहुधा कुणीतरी सांगितलेलंच असतं.

पत्र कसं द्यायचं, हे कायद्याच्या कलम ७ मध्येच आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला, दुसरी तुमच्याकडे. व्यवस्थापनाला म्हणजे संस्थेला, फक्त मुख्याध्यापिकांना नव्हे. टपाल खात्यानं २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, त्यामुळे काउंटरवर नोंदणीची सेवा आणि पोचपावती मागून घ्या. शिवाय एक प्रत शाळेच्या आवक-जावक टेबलावर देऊन आवक क्रमांक घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मॅडम, मी राजीनामा देते आहे’ असं लिहू नका. हे कलम मुळात कर्मचाऱ्याच्या भल्यासाठी आहे. नेमणुकीच्या दिवशीच तारीख नसलेल्या कोऱ्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवणाऱ्या संस्था या महाराष्ट्रात कमी नाहीत. तुम्हीही तशी सही केली असेल तर मला वेगळं कळवा. पत्रात तुम्ही ‘बऱ्याच कागदांवर सह्या घेतल्या’ एवढंच लिहिलंय आणि मला ते वाचून बरं वाटलं नाही.

पत्राचा मजकूर चार ओळींचा ठेवा : राजीनामा देते, ३० एप्रिलला शाळा सुटल्यावर कार्यमुक्त करावं, कमी पडणाऱ्या दोन महिन्यांचं नियम ४० प्रमाणे वेतन भरायला तयार आहे, दहावीचा सराव आणि निकालपत्रकं पूर्ण करून देईन. दुबईचा उल्लेख नको, पगाराची तक्रार नको, सहा वर्षांचा हिशेब नको.

संस्था नाहीच म्हणाली तर? कोर्ट तुम्हाला ओढून परत वर्गात उभं करणार नाही. व्यक्तिगत सेवेचा करार सक्तीनं पाळायला लावत नाहीत. फार तर संस्था पैशांचा दावा लावेल, आणि तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात तो उभा राहीपर्यंत तुमचा दुबईतला पहिला करार संपलेला असेल. तुम्हीच शाळा न्यायाधिकरणात जायचं म्हणाल, तर तिथलं अपील बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा गोष्टींसाठी आहे. ‘मला सोडत नाहीत’ ही तक्रार त्या चौकटीत बसत नाही.

मग पळून का जाऊ नये? कारण मार बसणार तो कोर्टाचा नाही. परदेशातल्या चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळा ‘ज्याच्याशी संबंध असेल त्यास’ छापाच्या प्रशस्तिपत्रावर नेमत नाहीत. सध्याच्या मुख्याध्यापकांना शाळेच्या अधिकृत ई-मेलवर थेट, गोपनीय फॉर्म जातो. बालसुरक्षेमुळे हे आता काटेकोरपणे पाळतात. शेवटचा दिवस कोणता, सोडण्याचं कारण काय, मुलांसोबत काम करायला ही व्यक्ती योग्य आहे का, पुन्हा नेमाल का. ‘नोटीस न देता निघून गेल्या’ ही एक ओळ तिकडे पोचली की तुमचं सशर्त नियुक्तिपत्र तिथेच थांबतं. त्या ओळीविरुद्ध दाद मागायला जगात कोर्ट नाही. म्हणून संस्थेशी भांडून नव्हे, बोलून सुटायचं आहे. ४४,००० ही त्या एका फॉर्मची किंमत समजा.

आज रात्रीच दुबईला ई-मेल करा. अर्जात नोटिशीची मुदत चुकीची लिहिली गेली होती, नियमाप्रमाणे ती तीन महिने आहे, मी ३० एप्रिलला मोकळं होण्याची विनंती केली आहे, एवढंच. मुख्याध्यापिकांच्या फॉर्ममधून त्यांना हे कळण्याआधी तुमच्याकडून कळलेलं बरं. संस्था अडूनच बसली, तर जानेवारीच्या सत्रात रुजू होता येईल का, तेही विचारा. मग जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातली ती फट तुमच्या कामाची.

प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा अधिकार शाळेला देणारा नियम माझ्या पाहण्यात नाही. लेखी मागा, सात दिवस द्या, नाहीतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) अर्ज आणि वकिलाची नोटीस. दावा शेवटी. पण थांबू नका, कारण अमिरातीला नुसती अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का) चालत नाही. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे, अमिराती नाही. पदवीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि शेवटी तिकडे त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. हे सगळं मूळ कागदावर होतं. आणि कुणी ‘हरवल्याची तक्रार द्या, डुप्लिकेट काढा’ असं सुचवलं तर त्याचं ऐकू नका. कागद कुठे आहे हे माहीत असताना पोलिसांना हरवला म्हणून सांगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा होऊ शकतो. ज्यांना परदेशात जाण्यासाठी पोलिसांचाच दाखला लागणार आहे, त्यांनी हा उद्योग करावा?

बाँडबद्दल प्रत पाहिल्याशिवाय ठाम बोलणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, त्यामुळे ‘बाँड म्हणजे रद्दी’ हे आता कुणी छातीठोक सांगू नये. पण ती सार्वजनिक क्षेत्रातली बँक होती आणि भरतीचा मोठा खर्च हा तिथला मुद्दा होता. तुमच्या बाँडची मुदत तीन वर्षांची असेल, तर ती केव्हाच सरली. पाच वर्षांची असली तरी सरलीच. कागद शोधा.

एजंटला दीड लाख देऊ नका. नोंदणीकृत भरती एजंटनं घ्यायची फी नियमानं जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच मनाई आहे. तुमची निवड थेट शाळेनं केली, मग हा एजंट मध्ये आला कुठून?

ग्रॅच्युइटी तुम्ही विचारली नाहीत, पण सहा वर्षं झालीत म्हणून सांगतो : शिक्षकांचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये विनाअनुदानित शाळांच्या विरोधात कायम केला आहे. मात्र राजीनाम्याच्या पत्रात ती मागू नका. कार्यमुक्तीचा आदेश हातात पडल्यावर मागा.

अशीच पत्रं पाठवणाऱ्या इतरांसाठी : ज्यांना दरवर्षी ‘१५ जून ते ३० एप्रिल’ असे आदेश मिळतात, त्यांचं गणित निराळं. संस्था तुम्हाला पगारवाढीच्या वेळी तात्पुरते आणि राजीनाम्याच्या वेळी कायम ठरवत असेल, तर सगळे आदेश घेऊन वकिलाकडे जा. आणि परदेशातल्या या शाळांची बरीचशी भरती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. अर्ज भरायला बसाल तेव्हा शेजारी नेमणुकीचा आदेश ठेवा आणि नोटिशीच्या चौकटीत लिहा : ‘तीन महिने, शाळेची सुट्टी वगळून, ३१ जानेवारीपूर्वी निर्णय कळल्यास १ मेपासून उपलब्ध’. अशी ओळ वाचून तिकडची शाळा बिचकत नाही. त्यांचं वर्ष तर ऑगस्टअखेरीला सुरू होतं.

ताई, संस्थेची कार्यकारिणी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बसते असं तुम्ही लिहिलंय. पत्र त्याच्या दोन दिवस आधी पोचेल असं पाहा. आणि पोस्टाची पावती पर्समध्ये नको, फाइलला लावा. त्या पावत्यांवरची शाई उडते, झेरॉक्स काढून ठेवा.