पीक कापलं, ठिबक तोडलं, तणनाशक मारलं: आधी पंचनामा, मग साफसफाई

राम राम मंडळी. यावेळी रोग-किडीचे प्रश्न कमी आणि माणसानं केलेल्या नासधुशीचे जास्त आलेत. निफाडकडच्या एका भावानं विचारलंय, कांद्याच्या रोपावर रात्रीत कुणीतरी तणनाशक मारलं, आता रोप वाचवायला काय फवारू. सांगोल्याचे एक काका म्हणतात डाळिंबाची झाडं बुडातून कापली, ठिबकच्या नळ्या जागोजागी तोडल्या, करणाऱ्याला शिक्षा किती होते. एका ताईंची कडब्याची गंज पेटवून दिली. बाकी पाण्याची भांडणं आणि मोटारीची चोरी.

कांद्यापासून सुरू करतो. काहीही फवारू नका. दुकानदार सांगणार, टॉनिक मार, सोबत सूक्ष्म अन्नद्रव्य दे, डबल डोस दे म्हणजे रोप उठेल. नाही उठत. ग्लायफोसेट किंवा पॅराक्वाटसारखं तणनाशक अंगावर पडलेल्या रोपाला उतारा देणारं औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही, उलट तुम्ही वरून काही मारलंत की पानावर नक्की काय पडलं होतं हे प्रयोगशाळेत सिद्ध करणं अवघड होतं आणि समोरचा कोर्टात म्हणायला मोकळा की यानंच चुकीचं औषध मारून रोप जाळलं. असे प्लॉट मी बरेच पाहिलेत, रोप गेलं, टॉनिकचे पैसे गेले आणि केसही गेली.

आधी ते तणनाशकच आहे का ते बघा. वाफ्यातलं तणसुद्धा करपलंय, फवारणीचे पट्टे दिसतात, बांधाकडून आत आल्याच्या खुणा आहेत, तर संशयाला जागा आहे. तण हिरवंगार आणि नुसतं रोप बसलंय तर तो मर रोग असू शकतो, उगाच शेजाऱ्यावर जाऊ नका. पॅराक्वाट एक-दोन दिवसांत करपवतं, ग्लायफोसेटला आठवडाभर तरी लागतो, म्हणजे आज दिसलं ते आजच मारलं असं नसतं, तक्रारीत तारीख लिहिताना हे ध्यानात ठेवा. शेजाऱ्याच्या फवाऱ्यातून वाऱ्यानं उडून आलं असेल तर तो फौजदारी गुन्हा ठरणं कठीण, कारण नुकसान करण्याचा उद्देश किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. तिथं भरपाईचा दिवाणी दावा हा रस्ता.

पानांचा नमुना पोलिसांनी पंचांसमोर घेऊन सील केलेलाच पाहिजे, तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. तुम्ही पिशवीत भरून दुकानात नेलेला नमुना पुरावा म्हणून टिकत नाही. दुकानदारानं लेटरहेडवर लिहून दिलेला 'तणनाशकामुळे अमुक लाख नुकसान' हा कागदही टिकत नाही, त्यासाठी पैसे देऊ नका.

आता काकांचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ४२७ कलम विसरा. नुकसान पोचवण्याचं कलम आता ३२४ आणि शिक्षा नुकसानीच्या रकमेवर ठरते. २० हजारांच्या आत असेल तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २० हजार ते लाखाच्या आत २ वर्षांपर्यंत. लाख आणि त्यापुढे ५ वर्षांपर्यंत. मुद्दाम गुरं पिकात घातली तरी ते नुकसान पोचवणंच, कायद्यात तसं उदाहरणच दिलेलं आहे. जनावराला विष घातलं किंवा लुळं केलं तर ३२५, ५ वर्षांपर्यंत.

लाखाच्या आतलं प्रकरण पोलीस बहुतेक एनसी म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंदवतात, आणि एनसीत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. म्हणूनच गावातला अर्ज लिहून देणारा एजंट सांगतो, आकडा फुगव, ५ लाख लिही. हे करू नका. औषधाचा डोस वाढवला की पीक जळतं, आकड्याचा डोस वाढवला की केस जळते. ठिबकचं बिल १८ हजारांचं आणि अर्जात ३ लाख, वकील पहिल्या उलटतपासणीतच ते उघडं पाडतो आणि मग तुमच्या खऱ्या नुकसानीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम २१७, एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. काका, तुमची फळावर आलेली झाडं आहेत, झाडांचं वय, संख्या, मागच्या हंगामाच्या विक्रीपट्ट्या आणि ठिबकचं बिल जोडलं तर खरा आकडाच लाखावर जाऊ शकतो, फुगवायची गरजच काय. पोलिसांचं पत्र आलं की मूल्यांकनाला आमच्या कृषी कार्यालयातून माणूस येतो, पण तोवर कापलेली झाडं जागेवर पाहिजेत!

सगळे चुकतात ते इथंच. लोक दुसऱ्या दिवशी नळ्या जोडतात, झाडं ओढून बांधावर टाकतात, आठ दिवस गावातल्या बैठकीत घालवतात आणि मग ठाण्यात जातात. तोवर दाखवायला काय राहिलं? दिसलं त्याच दिवशी ११२ ला फोन, लेखी तक्रार, पंचनामा. पंचनाम्याच्या आधी एक नळीसुद्धा जोडू नका. मोबाईलवर लोकेशन आणि तारखेसह फोटो काढा, लांबून आणि जवळून. नाव माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहा, संशय असेल तर 'संशय' आणि त्याचं कारण लिहा, पाहिलं नसताना 'पाहिलं' लिहू नका. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत फुकट मिळते. दखलपात्र असूनही घेतला नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवा, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे.

ताई, गंज पेटवणं हे ३२६(च) मध्ये येतं, शेतमालासकट मालमत्तेला आग लावणं, ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घर किंवा माल साठवायची इमारत पेटवली तर १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. राख उचलू नका, गंजीवरून किंवा जवळून लाईन जात असेल तर महावितरणलाही लगेच लेखी कळवा, कारण शॉर्टसर्किटनं लागली नाही हे आधी स्पष्ट व्हावं लागतं.

पाण्याचं थोडक्यात. शेतीला येणारं पाणी मुद्दाम तोडलं, पाट फोडला तर ३२६(क), ५ वर्षांपर्यंत, इथं रकमेची अट नाही. नुसता अडथळा काढून पाहिजे असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली अर्ज करा, पण ६ महिन्यांच्या आत, नंतर गेलात तर परत पाठवतील.

विम्याचं बरेच जण विचारतात. पीक विम्यात कुणी मुद्दाम केलेलं नुकसान बसत नाही. कापलेल्या ठिबकला त्याच गट नंबरच्या जमिनीत लगेच दुसरं अनुदानही नाही. आणि दंड सरकारजमा होतो, त्यातून भरपाई द्यायची का हे कोर्ट ठरवतं, त्यामुळे भरपाई पाहिजे तर ती वेगळी मागा.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा, ई-पीक पाहणी दर हंगामात स्वतः करा. सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नसेल तर तिथं डाळिंब होतं की पड जमीन हे सिद्ध करताना दमछाक होते. पाईप, मोटार, केबल, बियाणं, सगळ्यांची पक्की बिलं एका फाईलीत ठेवा. दुकानदार कच्च्या बिलावर थोडं कमी लावतो म्हणून भुलू नका, कच्च्या चिठ्ठीनं वस्तू तुमची होती हेही सांगता येत नाही.

चिडून कुंपणात करंट सोडायचा विचार दोघांनी लिहिलाय. अजिबात सोडू नका. चोर सोडा, तुमचाच पोरगा किंवा सालगडी चिकटेल, आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्यावर. त्यापेक्षा कुंपणाला थांबून थांबून हलका झटका देणारं झटका मशीन घ्या, पण प्रमाणित, बॅटरीवरचं, थेट लाईनला जोडलेलं नाही.

मोटार आणि केबल चोरी हे कलम ३०३, ३ वर्षांपर्यंत. मोटारीवर गट नंबर कोरून ठेवा आणि तक्रारीत मोटारीचा सिरीयल नंबर लिहा, तो बिलावर असतो, नंबर नसलेली मोटार भंगारवाल्याकडे सापडली तरी ती तुमचीच आहे हे सिद्ध करणं अवघड जातं.