लहान ट्रॅक्टरसाठी चिपर निवडताना

प्रश्न : द्राक्षबागेतील छाटणीच्या काड्या आणि बांधावरच्या फांद्या बारीक करण्यासाठी २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला कोणता चिपर जोडावा?

उत्तर : इंजिनाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण चिपरला मिळते ती पीटीओची, म्हणजे अवजार चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याची शक्ती आणि ती त्याहून कमी असते; म्हणून चिपरची गरज तिच्याशी आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या गतीशी ताडून पाहावी. माहितीपत्रकातील फांदीची जाडी ही कमाल मर्यादा असते, रोजच्या कामाची नव्हे. निव्वळ काड्याच असतील, तर ओळीतच कुट्टी करणारा श्रेडर मला अधिक सोयीचा वाटतो. यंत्र उचलल्यावर पुढची चाके हलकी होत असतील, तर पुढे वजन लावावे. पीटीओ बंद केल्यावरही चिपरची पात्यांची जड चकती बराच वेळ फिरत राहते, म्हणून अडकलेली फांदी काढण्यापूर्वी इंजिन बंद करून चकती पूर्ण थांबल्याची खात्री करावीच.