महाबळेश्वरचा टाइमशेअर देऊन डिसेंबरात बाली-मालदीवला राहता येतं का?

तुमचा प्रश्न आहे की महाबळेश्वरचा टाइमशेअर (रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहण्याचा, पैसे भरून घेतलेला हक्क) आहे, तो एक्स्चेंज करून, म्हणजे आपला आठवडा दुसऱ्याला देऊन बदल्यात, डिसेंबरात बाली किंवा मालदीवच्या रिसॉर्टमध्ये आठवडाभर राहता येईल का. प्रश्नाखाली तुमची एक ओळ आहे, "घरचे म्हणतात पैसे बुडाले." ती ओळ नसती तर मी लिहायला बसले नसते.

राहता येतं. मी राहून आले. मार्च २०२३, बालीतलं नुसा दुआ, एका बेडरूमचं युनिट, चार माणसं, सात रात्री. डिसेंबर मात्र डोक्यातून काढून टाका.

कारण सांगते. एक्स्चेंज कंपनीकडे स्वतःच्या खोल्या जवळजवळ नसतात. आपल्यासारख्या मालकांनी जमा केलेले आठवडेच ती दुसऱ्यांना देते. ज्याच्याकडे बेटावरचा ख्रिसमसचा आठवडा आहे तो स्वतः जातो, नाहीतर भाड्याने देतो. जमा होतो तो मागणी कमी असलेला आठवडा. मालदीवला डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, तेव्हा तिथं मारामारी. शिवाय एक्स्चेंजच्या यादीत मालदीवची रिसॉर्टं मुळात मोजकी, आणि मिळालंच तर विमानतळावरून बेटावर नेणाऱ्या स्पीडबोटीचे किंवा सीप्लेनचे पैसे वेगळे. तिथला पर्यटकांवरचा ग्रीन टॅक्स १ जानेवारी २०२५ पासून मोठ्या रिसॉर्टांत माणशी रोज १२ डॉलर झालाय. थायलंडच्या फुकेतला टाइमशेअर भरपूर आहेत, पण सहज मिळतात ते मे ते ऑक्टोबरचे, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला आणि लाल झेंडे लावलेले असतात. बालीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे मार्च हा शेपटाचा महिना, म्हणून मला मिळाला.

आता माझी गोष्ट. २००१ साली मी बँकेतून व्हीआरएस घेतली. त्याच वर्षी नाशिकच्या एका हॉटेलात जेवणाचं आमंत्रण आलं, दोन तास समोर बसवून बोलले आणि मी एक लाख दहा हजारांचा चेक दिला. व्हाइट सीझन (मध्यम मागणीचा हंगाम), २५ वर्षांची मुदत. पैसे माझे, सही माझी. ह्यांनी आजतागायत एक शब्द काढला नाही. धाकटे दीर मात्र दर दिवाळीला फराळाच्या ताटावर म्हणायचे, "वहिनींना गोड बोलून गंडवलं." दीर सरकारी खात्यात अकाउंट्सला होते. एकवीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागायचं, आणि तेही माझ्याच हातच्या चकल्या खाता खाता.

विकणाऱ्याने खोटं सांगितलं होतं हे मी आधीच कबूल करते. "जगात कुठंही, कधीही" हे त्याचे शब्द. २००९ साली मी फुकेतसाठी डिसेंबरचा आठवडा मागितला. चार महिने दर सोमवारी फोन केला, दर वेळी नवी मुलगी, तेच उत्तर, "उपलब्ध नाही मॅडम." शेवटी त्या वर्षीचा आठवडाही वाया गेला. त्या दिवाळीला भाऊजींनी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

चूक माझीही होती, मी फोनवर विसंबले. हे काम असं होत नाही. आपला आठवडा हातात ठेवून चौकशी करत बसायचं नसतं, तो आधी एक्स्चेंज कंपनीकडे डिपॉझिट करायचा. जितका लवकर डिपॉझिट कराल तितकं त्याचं वजन जास्त, म्हणजे बदल्यात चांगलं मिळायची शक्यता जास्त. तारखा जवळ आल्यावर टाकलेल्या आठवड्याला फारसं काही मिळत नाही. त्या वर्षाची एएमसी (वार्षिक देखभाल फी) भरलेली नसेल तर डिपॉझिटच होत नाही. एकदा टाकला की साधारण दोन वर्षं हातात असतात. मग एकच तारीख धरून न बसता चालू शोध लावून ठेवायचा, दोन-तीन ठिकाणं आणि दोन-अडीच महिन्यांचा पट्टा देऊन. मी २०२१ च्या शेवटी आठवडा टाकला, बाली किंवा फुकेत, फेब्रुवारी ते एप्रिल असं लिहिलं, आणि दहा महिन्यांनी मेल आला. १८ ते २५ मार्च. तो आठवडा कुणी का सोडला असेल ते तेव्हा कळलं नाही.

युनिट चौघांचं. मी ह्यांना म्हटलं, भाऊजी आणि जाऊबाईंना घेऊन जाऊ.

मुंबईहून क्वालालंपूरमार्गे गेलो. विमानतळावर माणशी पाच लाख इंडोनेशियन रुपियांचा व्हिसा (आता त्यावर आणखी दीड लाख रुपियांचा पर्यटक कर आहे). पहिले दोन दिवस समुद्रावर पांढऱ्या कपड्यांतल्या मिरवणुका, छत्र्या, देवांच्या पालख्या. तिसऱ्या दिवशी दाराखालून एक कागद आत आला. बुधवारी २२ तारखेला न्येपी, बालीचं नवं वर्ष, मौनाचा दिवस. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत विमानतळ बंद, रस्ते बंद, रिसॉर्टच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, किनाऱ्यावरही नाही. मोबाइलचं इंटरनेट बंद. संध्याकाळी पडदे ओढून मिणमिणते दिवे.

भाऊजी तो कागद घेऊन पलंगावर बसले. मला वाटलं आता सुरू होणार, फुकटचा आठवडा तो असाच. ते म्हणाले, "वहिनी, हे बघा काय लिहिलंय. शक १९४५." मग खिशातली छोटी दिनदर्शिका काढली. २२ मार्च, गुढीपाडवा, शके १९४५. तोच दिवस, तोच आकडा. दोघांचीही कालगणना शकाचीच, इसवी सनातून ७८ वजा. आम्हा चौघांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

तांब्या, खण आणि साखरेची गाठी मी नाशिकहूनच घेतली होती, पाडवा परदेशात येतोय म्हणून. कडुलिंबाचं मात्र काय करायचं सुचत नव्हतं. मंगळवारी सकाळी बागेतल्या माळ्याला फोनमधला फोटो दाखवला. तो म्हणाला, "इंतारान." अर्ध्या तासाने डहाळी घेऊन आला, कोवळी, तांबूस पालवीची, आणि एक हिरवा बांबूही. पान चावून पाहिलं, तोच कडूपणा. त्या संध्याकाळी रिसॉर्टच्या आवारात राक्षसांचे मोठाले पुतळे नाचवले, ओगोह-ओगोह म्हणतात, आणि रात्री सगळं गप्प झालं.

बुधवारी काचेच्या दाराआत गुढी उभारली. बाहेर एक गाडी नाही, आकाशात एक विमान नाही. नाश्ता घेऊन आलेल्या मुलाने गुढी पाहिली, ट्रे खाली ठेवला आणि हात जोडले.

अकरा वाजता भाऊजींनी रिसॉर्टच्या कागदावर हिशेब मांडायला घेतला. फोन नाही, टीव्ही नाही, कुठं पळायला जागा नाही. मीही समोर बसले. एक लाख दहा हजार मूळ. एएमसी पहिल्या वर्षी तीन हजार दोनशे होती, २०२३ ला जीएसटी धरून सोळा हजार, बेरीज दोन लाखांच्या घरात. बावीस वर्षांत आम्ही चौदा आठवडे वापरले, म्हणजे ९८ रात्री. रात्रीला तीन हजारांच्या वर पडलं, एक्स्चेंज फी वेगळी. तेच एक लाख दहा हजार साडेसात टक्क्यांनी ठेवले असते तर जवळपास साडेपाच लाख झाले असते. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

बेरीज बरोबर होती. मी म्हटलंही, बरोबर आहे. मग विचारलं, "भाऊजी, तुमच्या ठेवी आहेत. त्या मोडून तुम्ही ताईंना कुठं नेलंत?" ते गप्प बसले. जाऊबाईंनी बोटं मोजली. उटी २००६, मुन्नार २०१३ आणि हे. तिन्ही वेळा माझ्या आठवड्यात. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि महाराष्ट्राबाहेर त्या तीनदाच गेल्या होत्या.

तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा. पैसे तुम्ही भरलेत, ते परत येणार नाहीत, एएमसीही दरवर्षी जाणार आहे. आठवडा पडून राहिला तरच ते बुडाले. आमचेही आठ आठवडे बुडाले, त्याला जबाबदार आमचा आळस आणि तो "उपलब्ध नाही"चा फोन.

आता राहिलेलं. मी नवीन टाइमशेअर घ्या असं कुणालाही सांगणार नाही. माझी मुदत २०२६ ला संपते आणि मी नूतनीकरण करणार नाही. जेवायला बोलावून त्याच दिवशी सही मागतात तिथं सही करू नका. युनिटवर जितकी माणसं लिहिलीत त्याहून एकही जास्त चालत नाही, लहान मूलही धरतात. स्वतः न जाता आईवडिलांना पाठवणार असाल तर गेस्ट सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर दारातून परत. काही रिसॉर्टांत, कॅरिबियन बेटांवर विशेषतः, खाण्यापिण्याचं पॅकेज सक्तीचं असतं, त्याची रक्कम नक्की करण्याआधी विचारा. आणि विमानाची तिकिटं धरली तर आमची बाली काही स्वस्तात झाली नाही, राहणं तेवढं झालं.

तुमचा आठवडा कुठल्या सीझनचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. महाबळेश्वरचा मे महिना असेल तर त्याला वजन चांगलं येईल, जुलै-ऑगस्टचा असेल तर कमी. तरी या महिन्यातच डिपॉझिट करा, मालदीवच्या जोडीला बाली आणि फुकेतही लिहा, आणि डिसेंबरऐवजी फेब्रुवारी ते एप्रिल मागा. बाली मिळालं तर न्येपी कधी येतंय ते आधी बघा. कधी पाडव्यालाच किंवा एखादा दिवस आधी येतं, कधी महिनाभर आधी. पाडव्याला तिथं असाल तर गाठी इथूनच न्या, कडुलिंब तिथं मिळतो.