आजोबा थेटरासाठी का रडले?

प्रिय मनू,

काल जेवताना तू विचारलंस, "कोल्हापूरचं थेटर जळालं तेव्हा आजोबा फोनवर का रडले? ते त्यांचं थोडंच होतं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. रोममधली जुनी प्रेक्षागारं त्यांनी पाहिली. परत आल्यावर त्यांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं आणि त्याला लागूनच नाटकासाठी पॅलेस थिएटर. ते १९१५ मध्ये उघडलं. एका भिंतीच्या अलीकडे तालीम चाले ती नाटकाची, पलीकडे शड्डू घुमे. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता, त्यामुळे मागच्या माणसालाही नटाचा चेहरा दिसे. त्या काळी माइक नव्हते, गाणं गळ्याच्याच जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं.

आणि असा गळा होता केशवराव भोसल्यांचा. कोल्हापूरचंच पोर. अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, म्हणजे त्यांच्या आणि बालगंधर्वांच्या कंपनीने मिळून केलेलं 'मानापमान' नाटक. त्यात ते नायक धैर्यधर होते आणि बालगंधर्व नायिका भामिनी. तीनच महिन्यांनी केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. पुढे पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं.

त्याच थेटराला आग लागली ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आजोबा मला एवढंच म्हणाले, "आपलं थेटर गेलं गं पोरी."

मी सहावीत असताना तिथे पहिल्यांदा नाच केला. विंगेत जाण्याआधी आजोबांनी मला थांबवलं, वाकायला लावलं आणि रंगमंचाच्या कडेला हात टेकवून तो कपाळाला लावायला सांगितलं. फळी गुळगुळीत होती, हाताला बारीक धूळ लागली. "ही रंगदेवतेची जागा," ते म्हणाले. मनू, आपल्याकडे नट, पेटीवाला, पडदा ओढणारा, सगळेच असा नमस्कार करतात. नुसतं पाहायला येणाऱ्या आजोबांनाही तो चुकला नाही कधी. ज्या फळीला माणूस चाळीस वर्षं नमस्कार करतो, ती परकी कशी राहील?

छत आणि रंगमंच गेला, दगडी भिंती उरल्या. होतं तसंच पुन्हा उभं करायचं ठरलंय. घरी गेलो की आजोबांना सांग, तुला आधी तिकडेच जायचंय.

तुझी,
आई