टी-रेक्स आणि गिगानोटोसॉरस या दोन महाकाय मांसाहारी डायनासोरांची झुंज झाली तर कोण जिंकेल?

माझं मत टी-रेक्सच्या बाजूने आहे.

खरं तर ही गाठ पडणं अशक्यच होतं. गिगानोटोसॉरस आजच्या अर्जेंटिनात राहायचा आणि टी-रेक्स उत्तर अमेरिकेत, तोही जवळपास ३ कोटी वर्षांनंतर. लांबी दोघांचीही साधारण १२ मीटर, म्हणून नुसत्या लांबीवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

निकाल दातांवर लागतो. गिगानोटोसॉरसचे दात चपटे, करवतीसारख्या कडांचे. मांस कापत जायचं आणि भक्ष्याला रक्तस्रावाने थकवायचं, यासाठी उत्तम. टी-रेक्सचे दात मात्र जाडजूड, मुळं खोल रुतलेली, आणि जबड्याचा जोर अंदाजे ३५,००० न्यूटन किंवा त्याहूनही जास्त. तो हाडं फोडायचा, याचा पुरावा त्याच्या जीवाश्म झालेल्या विष्ठेत सापडलेल्या हाडांच्या चुऱ्यात आहे! शिवाय त्याचे डोळे समोर रोखलेले, त्यामुळे अंतराचा अंदाज अचूक, आणि धडही जास्त भरदार.

गिगानोटोसॉरसने आधी बाजूने खोल चावा घेतला आणि लगेच मागे सरला, तर तो जिंकू शकतो. पण टी-रेक्सच्या जबड्यात त्याची मान किंवा पाय एकदा सापडला, की झुंज तिथेच संपली.